निवडून येणारं ब्लाऊज

"श्वास सोडा, साहेब."

टेप पोटाला लावली की आमचे मास्तर एवढंच म्हणायचे. हळू म्हणायचे, पण म्हणायचेच. पुढारी कुठल्याही पक्षाचा असो, टेप टेकली की तो पोट आत ओढतो म्हणजे ओढतोच. तुम्ही हे पाहिलं नसेल. मी पुष्कळ वर्षं पाहिलंय, कारण मी त्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून काज-बटणं करायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. आमच्याकडे कपडे शिवणाऱ्यालाही मास्तरच म्हणतात. शिरूरला एस.टी. स्टँडकडून बाजारात शिरताना डाव्या हाताला त्यांचं दुकान होतं. दोन पायमशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर येशूचं कॅलेंडर. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात राहून शिवण शिकलेले. बोलणं अगदी स्वच्छ, आवाज बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी माहेरची न्हावऱ्याची, लग्न होऊन शिरूरला आलेली, चौथी पास. पुढचं जे काही वाचायला शिकले ते मास्तरांच्या दुकानात, कापड ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून यायचं ती वर्तमानपत्रं वाचून. म्हणून माझ्या बातम्या नेहमी चार-सहा महिने शिळ्या असायच्या, आणि कधी कधी अर्ध्याच. उरलेली अर्धी दुसऱ्या कुणाच्या कापडाला गेलेली.

तर सांगायचं काय, तालुक्यातला कुणीही निवडणुकीला उभा राहिला की पहिला मास्तरांकडे यायचा. पांढरे नेहरू शर्ट हवेत, चार दिवसांत हवेत, कडक हवेत. आणि मास्तर माप घेता घेताच ओळखायचे, हा येणार की पडणार. खोटं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं होतं.

"कसं काय ओळखता हो?" मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ते वहीत आकडा लिहीत होते.

"श्वास सोडा म्हटल्यावर जो हसतो आणि सोडतो, तो येतो. जो म्हणतो 'सोडलाय की', आणि सोडत नाही, तो पडतो."

"एवढ्यावर?"

"ताई, लोकांना त्याचं पोट माहीत असतं. त्यालाच वाटतं माहीत नाही."

एकदा एक डॉक्टर उभे राहिले. फार शिकलेले, हाताला गुण असलेले, माझ्या सासूबाईंचा दमा त्यांनीच आटोक्यात आणला होता. मी म्हटलं, हे येणारच. मास्तरांनी माप घेतलं. डॉक्टर खांबासारखे ताठ उभे. गेल्यावर मास्तर म्हणाले, "पाठीत दोन बोटं जास्त कापड ठेवतो. पण उपयोग नाही व्हायचा."

"का?"

"हे वाकत नाहीत. शर्ट वाकेल."

पडले हो डॉक्टर! लोक औषधाला त्यांच्याकडे आणि मताला दुसरीकडे गेले. निकालानंतर आठच दिवसांनी, ज्यांनी मत दिलं नाही तेच त्यांच्या दवाखान्यात खोकत बसले होते.

दुसरा एक होता शिक्रापूरकडचा, ट्रकवाला. अंगाला डिझेलचा वास. माप देता देता त्याने दुकानभर नजर फिरवली आणि मला म्हणाला, "मावशी, काजं तुम्ही करता व्हय? माझ्या खालच्या बटणाचं काज जरा ढिलं ठेवा. जेवल्यावर अडचण व्हती." मला मावशी म्हणणारा तो पहिला पुढारी. बाकीच्यांना मी दिसायचेच नाही. मास्तरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, आणि मी समजले. तो आला निवडून. पुढे त्याने काय दिवे लावले ते विचारू नका.

मी मास्तरांना तेव्हाही विचारलं होतं, "पण माणूस चांगला कुठला, हे कसं ओळखायचं?"

"ते माप माझ्याकडं नाही," म्हणाले, आणि मशीन चालू केलं.

ही विद्या ते फोटोवरही चालवायचे. एकदा मी वर्तमानपत्रातून वाचून दाखवत होते, तिकडे अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक, दोन उमेदवार समोरासमोर, दोघांचे फोटो. मास्तरांनी कागद उजेडाला धरला. "ह्याचा कोट खांद्यात चांगला बसलाय, पण अंगात ताठ. त्याचा बाहीत लांब आहे, पण तो बाही वर करून चहा पिईल. अवघड आहे. सारखेच दिसतात." पुढे कुठल्याशा कापडाबरोबर कळलं की तिकडे निकालच लागेना, मतं परत मोजतायत. मास्तरांना इतका आनंद झाला! दोन दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "मी म्हटलंच होतं, अवघड आहे."

असे मास्तर. आता जी गोष्ट सांगायचीय तिच्याकडे येते.

त्यानंतर लवकरच आमच्याकडे ठरलं की नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा. आधी निवडून आलेले मेंबर आपापसात ठरवायचे, ते बंद. आणि चिठ्ठी निघाली, जागा बायकांसाठी राखीव! सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. वर्षानुवर्षं शिवून ठेवलेले नेहरू शर्ट कपाटात, आणि उमेदवारी बायकोला.

सगळ्यात मोठी पंचाईत कुणाची झाली असेल तर मास्तरांची. बायकांचं माप ते घेत नसत. आमच्याकडे बायका मापाचं ब्लाऊज पाठवतात. अंगात बसणारं एक जुनं ब्लाऊज द्यायचं, शिंप्याने त्यावरून नवं शिवायचं. म्हणजे टेप पोटाला लागणार नाही, श्वास सोडा म्हणता येणार नाही. मग ओळखायचं कसं?

"आता तुमचं ज्योतिष बंद," मी चिडवलं.

"बघू की," म्हणाले.

पहिलं मापाचं ब्लाऊज आलं ते आबांच्या घरून. आबा म्हणजे गावातले मोठे प्रस्थ. बंगला, जीप, मागे गोठ्यात म्हशी. त्यांच्या घरून त्यांच्या बायकोने उभं राहायचं ठरलं होतं. बाजारचा दिवस होता, दुकानात पाच-सहा माणसं टेकलेली. आबा स्वतः पिशवी घेऊन आले.

"मास्तर, आमच्या घरच्यांची पाच ब्लाऊजं शिवायची. अर्ज भरायच्या आत पायजेत. हे माप."

मास्तरांनी पिशवीतून ब्लाऊज काढलं. चॉकलेटी रंगाचं, धुऊन धुऊन विटलेलं. टेबलावर पसरलं, हात फिरवला. मग ते थांबले. उजवी काख बोटाने वर केली, उजेडाकडे धरली. पाठ बघितली. खांद्याची शिवण चिमटीत धरली. दुकानातली माणसंही पुढे सरकली, कारण सगळ्यांना ठाऊक होतं मास्तर काय बघतायत.

"आबा," मास्तर म्हणाले, "माझी चूक झाली. मी तुमच्या घरच्यांना बंगल्यात बसणाऱ्या समजत होतो."

"म्हंजी?"

"ही उजवी काख बघा. डावी चांगली आहे, उजवी विरलीय. ही बाई रोज कितीतरी वेळा हात वर करते. घरात काय वर असतं रोज काढायला? ही दारांच्या कड्या वाजवते. पाठीचा रंग उडालाय, म्हणजे उन्हात चालते. खांद्याची शिवण एका बाजूला बसलीय, म्हणजे ओझं स्वतः वाहते. आणि हुका बघा, चार हुका, चार तऱ्हेच्या. तुटली की मिळेल ती लावली. मिरवत नाही." मास्तरांचा आवाज चढला होता, जो कधी चढायचा नाही. "आबा, जिला गावातली दारं रोज उघडतात, तिला मत मागायला जावं लागत नाही. ही येणार!"

आबा फुलले. "कामाला वाघीण हाय तशी," म्हणाले.

एकजण म्हणाला, "मास्तर, लिहून देता?"

"लिहून कशाला? ही पडली तर मी पुन्हा कुठल्या पुढाऱ्याचा कपडा शिवणार नाही. झालं?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मास्तरांनी माणूस न बघता, नुसतं ब्लाऊज बघून निकाल सांगितला!

पाच ब्लाऊजं शिवली. हुका मी लावल्या. मापाच्या ब्लाऊजला दुधाचा वास येत होता, पण मी म्हटलं, घरात म्हशी आहेत, येणारच.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान नुकतं उघडलेलं, आबा परत आले. एकटेच. पिशवी टेबलावर आपटली.

"मास्तर, एकाचीबी हूक लागंना! काल ऐन टायमाला हिनं रडून घर डोक्यावर घेतलं. जुनंच घालून अर्ज भरला. काय शिवलंय काय तुमी?"

मास्तरांनी पिशवी उघडली. नवं ब्लाऊज आणि मापाचं ब्लाऊज एकावर एक ठेवलं. इकडे-तिकडे केसाचाही फरक नाही.

"आबा, हे मापाचं कुठून आणलंत?"

"कुठून म्हंजी? ही म्हणली, मागं दोरीवर वाळतंय त्यातलं एक न्या. आणलं."

"मागच्या दोरीवर अजून कुणाचे कपडे असतात?"

 आबांनी टोपी काढली, परत घातली. असा मोठा माणूस, पण स्वतःच्या बायकोचं ब्लाऊज ओळखू येऊ नये! मला हसू आलं होतं, मी सुई तोंडात धरली.

"आक्काचे," आबा म्हणाले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, माहेरी परत आली ती आलीच. म्हशी तिच्या, शेण तिचं, धारा तिच्या. भल्या पहाटेपासून किटली घेऊन सगळ्या गल्ल्यांतून रतीब घालायची. माझ्या दारीसुद्धा. कडी वाजवायची, दूध ओतायची आणि विचारायची, "सासूचा खोकला कसा हाय?" मिशनच्या आळीत, धनगरवाड्यात, मशिदीमागे, तिला न ओळखणारं दार नव्हतं. आणि मला, जिच्या दारी ती रोज येते, त्या मला ते ब्लाऊज हातात घेऊन ओळखता आलं नाही! तेव्हा आबांना हसायचा मला तरी काय अधिकार?

मास्तर खाली बसले. "मग माझं माप चुकलं नाही, आबा," म्हणाले. "उमेदवार चुकला."

"काल शेवटचा दिस व्हता मास्तर. अर्ज हिचा गेलाय."

"हो."

"आन् एक सांगतो." आबांचा आवाज खाली आला. "हे तुमच्या तोंडून भाईर जाऊ देऊ नका. आक्का बहीण हाय माझी, पर घर हिचं हाय. गावानं म्हणलं की बायकूपरीस बहीण निवडून आली असती, तर ही आक्काला उद्या गोठ्यातबी ऱ्हाऊ द्यायची न्हाई. दोघींचं आधीच धड न्हाई. मी कुठं ठेवू तिला?"

मास्तर टेप बोटाभोवती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "ताई बंगल्यावर येतील आणि काकूंचं माप घेतील. चार दिवसांत पाच नवी देतो. आणि हे मापाचं राहू द्या आठ दिवस, मग न्या."

बंगल्यावर मीच गेले. आबांच्या बायकोला मी आजवर लांबूनच पाहिलं होतं. गोरी, भरलेली, दाराशी नोकर. मला वाटलं होतं तोऱ्यात असतील. टेप लावली तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"ताई, मला चार माणसांत बोलता येत नाही ओ. लग्नात उखाणा घेताना सुद्धा चक्कर आली होती मला. ह्यांनी उभं केलंय."

"श्वास सोडा, काकू," मी म्हटलं. सवयीने.

"सुटतच नाही," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात आक्का आत आली. आमच्याकडे न बघता पाण्याचा तांब्या ठेवला, आणि जाता जाता म्हणाली, "सासूला तेल चोळती का न्हाई गं?" वहिनीशी एक शब्द नाही. वहिनीनेही मान वळवली. एका घरातल्या दोघी, आणि मध्ये मी, दोन भिंतींमधल्या बोळासारखी.

मग प्रचार सुरू झाला. काकू जीपमध्ये बसून हात जोडायच्या. जीप दारासमोर थांबायची, काकू उतरायच्या, घरातली बाई बाहेर यायची, आणि दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. आबा बाजूने म्हणायचे, "बोल की." काकू म्हणायच्या, "हां... या एकदा घरी." मत मागायला आलेली बाई लोकांना घरी बोलावत होती! दुसऱ्या पॅनेलची बाई तोंडाची पटाईत, चुलीपाशी जाऊन बसायची, भाकरी थापून द्यायची. मी स्वतः पाहिलं, तिची भाकरी गोल येत नव्हती, पण लोकांना तेच आवडलं. हसायला मिळालं ना!

इकडे दुकानात रोज लोक. "मास्तर, नक्की ना?"

मास्तर म्हणू शकले असते, नाही बाबा, माझं चुकलं. पण मग "का चुकलं" हे आलंच. ब्लाऊज कुणाचं हे आलंच. ते मान न उचलता म्हणायचे, "एकदा सांगितलं ना."

एक दिवस मला राहवलं नाही. "मास्तर, तुमचं नाव जाईल हो. बावीस वर्षांचं नाव. लोक तुमच्याकडे कपड्याला कमी आणि ह्यालाच जास्त येतात. निदान एवढं तरी म्हणा, की वारं फिरलंय."

"ताई, मी म्हटलं की लोक विचारतील."

"विचारू देत. मी सांगते त्यांना."

तेव्हा मात्र त्यांनी मशीन थांबवलं. चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला, अगदी लहान मुलासारखा होता. "मला लोक हसतील. दुकान राहील, घर राहील. तिचं काय राहील? तुम्ही दूध घेता ना तिच्याकडून रोज? तिच्यासमोर हे तोंडात येऊ देऊ नका."

मी पुन्हा बोलले नाही. आमच्या यजमानांनासुद्धा सांगितलं नाही, आणि त्यांना मी भाजीत मीठ किती टाकलं तेही सांगायची.

निकाल लागला. काकू पडल्या. चांगल्याच पडल्या.

गाव मास्तरांवर तुटून पडलं. लोकांना काकूंच्या पडण्यापेक्षा मास्तरांच्या चुकण्याची मजा जास्त. एकजण नवी टेप घेऊन आला, हार घातलेली. "मास्तर, जुनी आटलीय वाटतं!" दुसरा म्हणाला, "पुढच्या वेळी परकर पण आणतो, म्हणजे पक्कं सांगता येईल." मास्तर सगळ्यांबरोबर हसले. टेप घेतली, हार काढून येशूच्या कॅलेंडरला घातला. आबा त्या दिवशी समोरच्या पानपट्टीवर उभे होते. त्यांनी बघितलं, पान तोंडात घातलं आणि निघून गेले. त्यांना मी आजही पूर्ण माफ केलेलं नाही. पण बोलले असते तरी काय बोलले असते, हेही मला कळतं.

आणि मास्तरांनी शब्द पाळला. पुढच्या निवडणुकीला तो शिक्रापूरचा ट्रकवाला आला. आता आमदारकीच्या गोष्टी करत होता, पोट दुप्पट झालेलं. "मास्तर, घ्या माप."

"माझं ते बंद आहे साहेब."

"अवो ती गंमत व्हती. कोण धरतं?"

"मी धरलीय," मास्तर म्हणाले, आणि त्याला पुढच्या चौकातल्या दुकानाचा पत्ता सांगितला. त्यानंतर आम्ही मिशनच्या शाळेचे गणवेश शिवले, बँडवाल्यांचे लाल कोट शिवले, एका वर्षी तर गणपती मंडळाच्या नाटकातल्या राक्षसाचे कपडे शिवले. राक्षसाने श्वास लगेच सोडला. मी म्हटलं, "हा उभा राहिला तर येईल." मास्तर इतके हसले की टाचणी हातातून पडली.

आक्का रोज दुकानावरून जायची. किटली उजव्या हातात, पदर खोचलेला. मास्तर मान वर करून चष्म्यावरून बघायचे, ती पुढे कोपऱ्यावर वळेपर्यंत.

"उमेदवार चालली," मी हळूच म्हणायची.

"गप्प बसा ताई. काज बघा, तिरकं होतंय."

आक्का कधीच उभी राहिली नाही. तिला कुणी विचारलं नाही आणि तिला सुचलं नाही. आपण गावातली सगळ्यात निवडून येणारी बाई होतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. एक गंमत मात्र मी पाहत होते. निवडणुकीनंतर त्या घरातल्या दोघी बदलल्या. बाजारात एकत्र दिसायला लागल्या. एकदा दोघी रसवंतीत बसून एका ग्लासात दोन नळ्या घालून रस पीत होत्या, शाळेतल्या मुलींसारख्या. मला वाटलं, पडण्याने काकू मवाळ झाल्या असतील.

मास्तर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेले. मुलगी दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची, ती येईपर्यंत दुपार झाली. चर्चच्या आवारात मी बायकांच्या बाजूला उभी होते. एकही पुढारी आला नव्हता. गणवेशातली पोरं मात्र शाळा सोडून आली होती.

फाटकातून आक्का आली. किटली भिंतीपाशी ठेवली. बरोबर काकू. माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. काकू पुढे जाऊन फुलं ठेवून येईपर्यंत आक्का माझ्या कानाशी बोलत होती. मयताच्या ठिकाणी बायका बोलतात तशी, कशाचं तरी निमित्त काढून.

"मास्तरांनी माझं कवा काही शिवलं न्हाई. मी आपली बाजारातलं तयार घ्यायची. पर रफूचं काम त्यांचं लई बारीक म्हणं. आमच्या वहिनीसारखंच."

"काकूंचं रफू?"

"तुला सांगते. ही उभी राहिली त्या साली माझं एक ब्लाऊज दोरीवरनं गायब झालं. जुनं, काखेत पार गेलेलं. मी म्हणलं, गेलं असंल वाऱ्यानं. पंधरा-वीस दिसांनी बघते तर परत दोरीवर. आन् काखेत असं रफू केलेलं, बोट फिरवलं तरी कळंना. हुकाबी चारी सारख्या लावलेल्या. गड्यामाणसाला तर काय येतंय? म्हणलं, वहिनीच. एवढं इलेक्शन डोक्यावर, आन् तिनं माझं फाटकं बसून शिवलं! मी आजवर हिला काय काय मनात म्हणली, मलाच लाज वाटली बघ. ती पडली तवा मी दोन दिस तिच्यापास्नं हलले न्हाई. रतीबबी चुकवला."

तो दोन दिवस चुकलेला रतीब मला आठवला. आम्ही काळा चहा प्यायलो होतो.

काकूंना सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी बंगल्यावर मोकळी झालेली साडीची पिन लावतानासुद्धा त्यांच्या बोटाला टोचली होती. आणि ते ब्लाऊज आठ दिवस कुणाच्या टेबलावर राहिलं होतं, तेही मला ठाऊक होतं.

"तिला कधी विचारलंस का गं?" मी म्हटलं.

"एकदा म्हणले, वहिनी, तुमचे उपकार झाले. ती नुसती माझ्याकडं बघत राह्यली आन् रडाय लागली. मग मी परत न्हाई काढलं."

काकू परत आल्या. आक्काने त्यांच्या हातातली उरलेली फुलं घेतली, माझ्यापुढे केली आणि म्हणाली, "व्हय ना गं? तू तर दुकानात असायचीस, तुला कळतं. लई बारीक हात लागतो ना रफूला?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. श्वास धरून.

"फार बारीक," मी म्हटलं. "काकूंचा आहेच तसा."

पाळकांनी पुस्तक उघडलं. काकूंनी आक्काचा दंड धरला, आणि आम्ही तिघी मास्तरांना पोचवायला माणसांच्या मागून चालू लागलो.